पाटीवरचं पुसट अक्षर

बंगळूर, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्ये,

आपल्या पत्राचा पंधरवडा उलटून तीन दिवस झाले. पत्र उशिरा जातं आहे हे मला माहीत आहे. तुझ्या घराशी मोबाइलला रेंज असती तर तेवढ्यासाठी फोन केला असता, पण तुला डोंगरावर चढायला लावून "पत्र उशिरा येईल" एवढंच सांगायचं, हे काही बरोबर वाटेना. उशिराचं कारण सोबत आहे. आधी ते चित्र बघ, मग पुढचं वाच.

बघितलंस? हा माकडतापाचा विषाणू. आपल्याकडे कामाला येणाऱ्या सोनाबाईला सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या डोंगरावर गोचीड चावली आणि अकरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, तो हाच. तिच्या एका केसाच्या जाडीत असे हजारभर शेजारी शेजारी बसतील.

हे कसं काढतात ते तू विचारणारच. आमचं यंत्र छताला टेकेल एवढ्या कपाटासारखं आहे. विषाणू असलेल्या पाण्याचा थेंब एका तांब्याच्या जाळीवर ठेवायचा. ती जाळी मसुराच्या दाण्याहून लहान. मग ती इतक्या झटकन भयंकर थंडीत बुडवायची, की पाण्याला बर्फाचे खडे करायला वेळच मिळत नाही. ते काचेसारखं गोठतं आणि विषाणू होता तसा थांबतो. (तो आधीच मारलेला असतो. काळजी करू नकोस, मी तीनदा विचारून घेतलं आहे.) त्यातून इलेक्ट्रॉन सोडायचे. जास्त सोडले तर विषाणू जळतो, म्हणून अगदी थोडे. त्यामुळे एकेक फोटो आपल्या जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा येतो. त्या मुंग्यांतून विषाणूचे लाखभर ठिपके वेचायचे आणि एकावर एक नेमके बसवायचे. पूर्वी एवढं करूनही बेसनाच्या लाडवासारखा गोळा दिसायचा. गेल्या दहाबारा वर्षांत कॅमेरे इतके सुधारले, की आता लाडवातला एकेक कण ओळखता येतो. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातल्या साडेतीन भागांपर्यंतचं आमच्या चित्रात दिसतं.

मी पेन्सिलीने बाण केला आहे तिथे एक उंचवटा आहे. या विषाणूचा एक चुलतभाऊ आधीपासून माहीत आहे, त्यालाही तिथेच तसा उंचवटा आहे. आपलं शरीर ताप हटवायला त्यालाच धरतं. संजना मॅडम (आमच्या मार्गदर्शक, मूळच्या डिचोलीच्या) म्हणतात, लस करणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. लेख ३१ मार्चला पाठवायचा. पहिलं नाव माझं असेल.

चित्र अजून छापलेलं नाही, तेव्हा कृपा करून कोणाला दाखवू नकोस. बाबांना दाखव. पण तुयेच्या त्यांच्या फॅक्टरीत नेऊ नका म्हणावं.

तुझी,
सिद्धी

---

कोरगाव, १४ फेब्रुवारी

सिद्धी बाय,

चित्र पोचलं. जनेलाकडे नेऊन उजेडात धरून बघितलं. किती गो सुंदर! एवढं सुंदर दिसणारं माणसाला एवढं छळतं, हे बघून मला थोडा रागही आला.

तू दाखवू नको म्हणालीस म्हणून फक्त सोनाबाईला दाखवलं. ताप तिला आला होता, तिचा हक्क पहिला. तिचा नवरा धोंडिबा तिच्या मागेच उभा होता, त्याला काय डोळे मिट म्हणू? आणि शेजारची विनिता डाळ मागायला आली होती, तेवढंच.

सोनाबाईने पदर खोचला, चित्रासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "ह्योच व्हय त्यो? एवढासा मेला, आन् मला अकरा दिस हातरुणात निजिवलं?" धोंडिबा म्हणाला, "त्याला काय बोलतीस, त्याला कान हाईत व्हय?" तर ती म्हणते, "तुला हाईत, म्हून तू कुठं ऐकतोस?" आता रोज काजूचे बोंडू वेचायला जाण्याआधी ती चित्राला दोन शिव्या देऊन जाते. म्हणते, दिवस बरा जातो.

शाळेच्या फाटकाशी पोचलं की ओकायचीस तू. मास्तर म्हणाले, हिला पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षीही तेच. दोन वर्षं घरी पाटी घेऊन बसवली तुला. त्या चलीचं नाव आता लेखावर पहिलं! दत्ताराम ऐकून कदेलावरून उठला आणि बाहेर जाऊन नाक शिंकरून आला. तुझा बाप तो, तुला माहीत आहे.

एक सांगते. तुझं अक्षर हल्ली फार बारीक झालंय. कागद महागलाय काय तिकडे?

तुझी आत्या,
चंद्रावती

---

बंगळूर, ६ मार्च

प्रिय आत्ये,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली, कारण त्यांत मी स्वतःची बाजू घेत होते.

लाख ठिपके एकावर एक बसवायचे तर संगणकाला सुरुवातीला एक नमुना द्यावा लागतो. मी त्या चुलतभावाचं चित्र दिलं होतं. तसं देतात, त्यात गैर काही नाही. पण नमुना धूसर करून द्यायचा असतो. एक वाटोळं काहीतरी आहे, एवढंच त्यातून कळलं पाहिजे. स्पष्ट नमुना दिला तर संगणक प्रत्येक ठिपक्यात तोच चेहरा शोधत बसतो. नुसत्या मुंग्या दिल्या तरी त्यांतून तो चेहरा काढून दाखवतो.

एक मार्चला मी लेखातला 'पद्धत' हा भाग लिहीत होते. नमुना किती धूसर केला तो आकडा लिहायचा होता, म्हणून जुनी नोंद उघडली. तिथे चाळीस असायला हवे होते. चार आहेत. म्हणजे जवळजवळ काहीच पुसलेलं नाही. नोव्हेंबरात सगळं नीट चालतं का हे बघायला मी एक चाचणी केली होती, तेव्हाचा तो आकडा. पुढचे तीन महिने मी त्याच चाचणीवर काम करत राहिले.

खात्रीसाठी ठिपक्यांचे दोन भाग करतात आणि दोन वेगळी चित्रं काढतात. दोन्ही जुळली की खरं मानतात. माझी दोन्ही छान जुळली. पण दोघांना नमुना एकच दिला होता, मग जुळतील नाही तर काय?

तो उंचवटा विषाणूचा आहे की नमुन्याचा, हे मला आता सांगता येत नाही. कदाचित खराही असेल, आणि मी उगाच घाबरत असेन. पण लस करणारे त्या उंचवट्याच्या मागे लागले आणि तो नसलाच, तर त्यांची दोन वर्षं माझ्यामुळे जातील. मॅडमना सांगितलं तर लेख थांबेल. माझ्याबरोबर अभिजीत काम करतो, खानापूरचा. त्याची फेलोशिप जूनमध्ये संपते आणि त्याला या लेखाची गरज माझ्याहून जास्त आहे.

मॅडम रोज सकाळी विचारतात, "सिद्धी, लेख?" मी म्हणते, "चाललंय." यात खोटं काही नाही असं मी मनाला सांगते, आणि ते खोटंच आहे.

तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. सांगू की नको? तू म्हणशील ते करीन.

सिद्धी

---

कोरगाव, १७ मार्च

सिद्धी बाय,

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं गो. मॅडम, लेख, लस, सगळं वाचलं. दोन्ही चित्रं छान जुळली म्हणतेस, मग आणखी काय हवं? चाळिसांत चार म्हणजे तुझा चौथा नंबर असणार. पहिलाच पाहिजे असा हट्ट धरू नको, चौथा काही वाईट नाही.

आता तुला रागावायचं असेल तर रागाव. विनिताच्या घोवाने चित्र पेडण्याला नेऊन तीन फुटांचं करून आणलं. इतकं झाल्यावर ते झाकून कसं ठेवणार? पाडव्याला देवळाच्या मंडपात तुझा सत्कार ठरलाय. दत्तारामाने पेढे सांगितले. चित्रावरचा पडदा सोनाबाई ओढणार. ती म्हणते, पडदा ओढीन, पण शिवी दिल्याबिगर ऱ्हाणार नाही. बघू, भटजी दुसरीकडे बघत असताना देऊ दे.

तू म्हणशील ते करीन, असं शेवटी लिहिलंस. म्हणून हक्काने सांगते, पाडव्याला ये.

तुझी आत्या,
चंद्रावती

---

बंगळूर, २० मार्च

(हे पत्र मोठ्या काळ्या मार्करने लिहिलेलं, एका पानावर एक ओळ, अशी सहा पानं.)

आत्ये, चित्र चुकीचं असू शकतं.

चूक माझ्या हातून झाली आहे.

मी अजून मॅडमना सांगितलेलं नाही.

सत्कार थांबव.

पेढे थांबव.

तुझ्या डोळ्यांना काय झालं आहे?

(सातव्या पानावर नेहमीच्या अक्षरात.)

हे पान वाचता आलं नाही तर विनितावहिनीकडून वाचून घे.

आत्ये, तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावले. मला वाटलं, माझं बोलणं तुला ऐकायचंच नाही. दिवसभर तसंच वाटलं. संध्याकाळी पत्र पुन्हा उघडलं, तेव्हा त्यातला मजकूर सोडून अक्षराकडे लक्ष गेलं. तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. 'सत्कार'मधला र खालच्या ओळीतल्या पेढ्यांवर बसला आहे. एक वेलांटी रेघेबाहेर गेली तर तू मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचीस.

मग फेब्रुवारीतलं पत्रही काढलं. "जनेलाकडे नेऊन उजेडात धरून." "अक्षर फार बारीक झालंय." तू लिहिलं होतंस, आणि मी वाचलं नाही.

कधीपासून दिसत नाही तुला?

सिद्धी

---

कोरगाव, २५ मार्च

सिद्धी बाय, हे पत्र विनिता लिहिते आहे. काकी सांगतात आणि मी लिहिते. मधलं मधलं माझं आहे.

काकी म्हणतात: मार्करची सहा पानं मी स्वतः वाचली. सातवं विनिताने वाचून दाखवलं. मग तुझं आधीचं पत्रही तिच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं. ते झाल्यावर तिला म्हटलं, कागद घे.

(लगेच बसवलं. मी चहा केला तोसुद्धा निवला.)

काकी म्हणतात: मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. गेल्या गणपतीपासून.

(मी म्हटलं, "काकी, गणपतीपासून? आणि माका कितें सांगलें? चश्म्याक धूळ लागल्या म्हणून!" काकी म्हणतात हे लिहू नको. मी लिहिलं.)

काकी म्हणतात: सगळं धुरकट दिसतं. तुझी पत्रं मी अर्धी डोळ्यांनी वाचायची आणि अर्धी तू काय लिहिलं असशील ते आठवून. तू चांगलंच लिहिणार, हे मी आधीच ठरवलं होतं. मग तसंच दिसलं. तुझ्या संगणकाचं वाचलं तेव्हा म्हटलं, ह्यो तर माझाच भाऊ.

आता नीट ऐक. तुला पाटी आठवते? मी 'अ' काढून द्यायची आणि तू त्यावरून पेन्सिल फिरवायचीस. इतकं सुरेख गिरवायचीस की सगळ्यांना दाखवायची मी. एक दिवस कोरी पाटी दिली आणि म्हटलं, काढ 'अ'. तुला येईना. रेघसुद्धा येईना. महिनाभर तू माझंच अक्षर मला परत देत होतीस आणि मी ते तुझं समजत होते. दुसऱ्या दिवसापासून मी अक्षर काढायची आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायची, नुसता पांढुरका डाग राहील एवढंच. तू रडलीस. "पुसू नको गो आत्ये" म्हणून माझा हात धरायचीस. मग तुझं जे अक्षर आलं ते वाकडंतिकडं होतं. पण तुझं होतं.

एवढंच झालंय गो. फडकं फिरवायचं राहिलं. आणि फिरवायचं राहिलं हे तूच बघितलंस, दुसऱ्या कोणी नाही.

सत्कार थांबवलाय. दत्तारामाने पेढेवाल्याला सांगितलं. मंडळातले विचारत होते, काय झालं. मी म्हटलं, अजून शिजायचं आहे.

मॅडमना सांगू की नको, विचारलंस. तुला सल्ला द्यायला मला तोंड नाही, मीच सात महिने लपवलंय. म्हणून सौदा करू. सोमवारी, एकतीस तारखेला, तू मॅडमच्या खोलीत जायचं आणि मी म्हापशाला डॉक्टरकडे. दोघींनी एकाच दिवशी. मी तिथे बसून डोळ्यांत थेंब घालून घेत असेन तेव्हा तू बोलत असशील. भिऊ नको. मीही भितेच आहे.

(काकींना मी घेऊन जाते. त्या मधल्या स्टॉपवर उतरून परत येतील, म्हणून हात धरून नेते. — विनिता)

---

बंगळूर, १ एप्रिल

प्रिय आत्ये, आणि विनितावहिनी (अक्षर मोठं काढते आहे, तरी वाचून दाखवाच),

सांगितलं. काल, सकाळी दहा वाजता.

तोंडाने सांगता येणार नाही अशी भीती होती, म्हणून नोंदीचं पान छापून नेलं होतं आणि 'चार'भोवती गोल केला होता. मॅडमनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "बस पळोवया आधी." बंगळूरमध्ये त्या माझ्याशी कधी कोकणीत बोललेल्या नाहीत. मी बसले.

"कधी कळलं?"

"एक मार्चला."

"आणि आज एकतीस. तीस दिवस तू हे घेऊन फिरतेस? जेवतेस तरी का?"

मग त्या जरा कडक झाल्या. म्हणाल्या, "चूक कोणाचीही होते. तीस दिवस मात्र तुझे आहेत. पुढच्या वेळी तीस मिनिटं." मी हो म्हटलं. हे मला लागलं, आणि बरोबरच लागलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हा आकडा मी विचारायला हवा होता. काम तू केलंयस म्हणून विचारला नाही. ती माझी चूक."

अभिजीतला सांगणं त्याहून अवघड होतं. त्याच्यासमोर मी आधीच रडले. तो म्हणाला, "अगं, मला तेव्हाच वाटलं होतं, हे इतकं गोड कसं आलं. पण तू चहात साखर मोजून घालतेस. तुझं काम कोण तपासणार?" आणि म्हणाला, "फेलोशिपचं बघू. चुकीच्या लेखाने नोकरी मिळून मी काय करणार, जन्मभर दाराकडे बघत बसू?"

आता असं ठरलं आहे. नमुना द्यायचाच नाही. ठिपक्यांतूनच संगणकाने पहिलं चित्र काढायचं. अर्धे ठिपके माझे, अर्धे अभिजीतचे. त्याची खोली वेगळी, माझी वेगळी. मॅडम सांगतील त्या दिवसापर्यंत एकमेकांचं बघायचं नाही. जेवतानासुद्धा विषय काढायचा नाही. त्यामुळे आम्ही सध्या फक्त लोणच्यांवर बोलतो.

काल मला झोप लागली. सात तास. उठल्यावर आधी भीती वाटली, इतका वेळ कशी झोपले म्हणून.

तू गेलीस ना म्हापशाला?

सिद्धी

---

कोरगाव, १२ एप्रिल

सिद्धी बाय,

काकींना म्हापशाला नेलं. थेंब घातले, तपासलं, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा आधी करू, ह्याच महिन्यात. काकी म्हणाल्या, "बोंडू संपल्याशिवाय नाही." डॉक्टर म्हणाले, "आजी, बोंडू दिसतात का तुम्हाला?" काकी म्हणाल्या, "वासाने कळतात." शेवटी सहा मे ठरली.

सौदा पुरा झाला, असं तुला कळवायला सांगितलंय. आणि तुझं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंय. तीस मिनिटांचं मॅडम म्हणाल्या ते त्यांना फार आवडलं.

तीन फुटी चित्र भिंतीला तोंड करून ठेवलंय. सोनाबाई त्याच्या पाठीला शिव्या देते.

— विनिता

---

बंगळूर, २४ मे

प्रिय आत्ये,

बाबा म्हणाले, पट्टी निघाली, पण अजून दोन आठवडे वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हे पत्र उशाशी ठेव, घाई करू नकोस. ऐकायचं असेल तर वहिनी आहेतच.

गुरुवारी मॅडमनी आमचे दोन पडदे शेजारी ठेवले. डावीकडे माझा, उजवीकडे अभिजीतचा. सात आठवड्यांनी पहिल्यांदा.

उंचवटा नाही.

माझ्यातही नाही, त्याच्यातही नाही. बाण केला होता त्या जागी उलट थोडं खोलगट आहे, बोटाने कणिक दाबल्यासारखं. दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या माणसांना, नमुन्याशिवाय, एकाच जागी तेच खोलगट दिसलं. चुलतभावात ते नाही, म्हणजे कुठून उसनं आलेलं नाही. बाकीचा विषाणू बराचसा तसाच आहे. फक्त चित्र आता साडेतीनचं राहिलं नाही, पाचचं झालं आहे. म्हणजे पहिल्यापेक्षा पुसट. मॅडम म्हणाल्या, "हे पाच आपले आहेत." ऑगस्टमध्ये यंत्रावर आणखी दिवस मिळतील, तेव्हा अधिक ठिपके गोळा करू.

मला वाटलं होतं, उंचवटा नसला तर मी कोसळेन. मी खुर्चीत बसून हसले. अभिजीत घाबरला आणि पाणी घेऊन आला. उंचवटा असता तरी मी इतकी मोकळी झाले नसते, असं आता वाटतं. आहे की नाही हे ठाऊक नसणं, तेच जड होतं.

लस करणाऱ्या एका गटाला मॅडमनी उंचवट्याचं तोंडी सांगितलं होतं. त्यांना लगेच कळवलं. त्यांचं काम जूनपासून त्यावरच सुरू होणार होतं. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, वेळेवर सांगितलंत, आभारी आहोत. ती ओळ मी छापून घेतली आहे. अभिजीतला चार महिने वाढवून मिळाले. तो आता पुन्हा लोणच्यांखेरीज इतर गोष्टींवर बोलतो.

नवं चित्र सोबत आहे. या वेळी ज्याला दाखवायचं त्याला दाखव. फक्त खाली लिहिलेली ओळ झाकू नकोस: 'पाचपर्यंतच स्पष्ट. काम चालू आहे.'

तुझी,
सिद्धी

---

कोरगाव, ८ जून

सिद्धी बाय,

तुझं सहा मार्चचं पत्र आज वाचलं. माझ्या स्वतःच्या डोळ्याने. एकच तयार आहे, पण एक पुरतो.

डॉक्टरांनी काल वाचायला परवानगी दिली. विनिता म्हणाली, आधी ताजं पत्र वाचा. मी म्हटलं, नाही, जे वाकडं वाचलं ते आधी. चाळिसांचे चार कुठे होते आणि मी कुठे नेले! चौथा नंबर म्हणे. वाचून मला इतकं हसू आलं, आणि मग हसू गेलं. तू तीन पत्रं फाडून चौथं लिहिलंस आणि मी तुला पेढ्यांचं कळवलं.

ह्या डोळ्याने काय काय दिसतं म्हणून सांगू! विनिताच्या नाकात बारीक मोती आहे. पाववाल्या पोदेराच्या सायकलीला नवी पाटी आलीय. माझ्या घरात एवढी जळमटं होती आणि एकानेही मला सांगितलं नाही. विनिता म्हणते, "काकी, तुमीच म्हणटाल्यात, घर लख्ख आसा म्हणून."

सोनाबाई आणि धोंडिबा पावसाआधी आपल्या गावी चंदगडला गेले. जाण्याआधी तिला मी सांगितलं, तुझं मोठं चित्र चुकीचं निघालं गो. ती म्हणाली, "चुकीचं असंल तर असंल. ताप तर खराच आला हुता न्हवं?" आणि तीन फुटी चित्र गुंडाळून घेऊन गेली. तिकडे तिची सासू आहे, तिला दाखवायचंय म्हणे. मी खाली पेनाने लिहून दिलं, 'हे जुनं, उंचवटा धरू नये.' धोंडिबाने वाचून खात्री करून घेतली.

नवं चित्र जनेलाच्या बाजूला लावलंय. लावून लांबून बघितलं तर जुन्यापेक्षा पुसट. मला धस्स झालं. डोळा चोळायचा नाही, म्हणून पापणी मिटून उघडून बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. बारीक तिथीसुद्धा वाचता आली. तेव्हा कळलं, डोळा बरा आहे, चित्रच तेवढं आहे. खाली तशी ओळही आहे तुझी. बरं वाटलं बघ. जेवढं आहे तेवढंच दिसतंय.

आता उत्तर. पत्राला उत्तर द्यायचं, उशीर झाला तरी द्यायचं, हे मीच तुला शिकवलंय. त्या सहा मार्चच्या पत्रात तू विचारलं होतंस, सांगू की नको.

सांग. उद्या सकाळीच जाऊन सांग. मॅडम रागावणार नाहीत, आधी बस म्हणतील. आणि आज रात्री पोटभर जेवून नीज.

तुझी आत्या,
चंद्रावती